कारखाना सभासदांचा, नियतकालिक कोणाचे?

लोणी, संगमनेर आणि कोपरगाव इथली अभियांत्रिकी महाविद्यालये तिन्ही 1983 सालची. वसंतदादा पाटलांच्या काळात विनाअनुदानित महाविद्यालयांना दार उघडले आणि सहकारी साखर कारखान्यांच्या आधाराने उभ्या राहिलेल्या शिक्षणसंस्था त्यातून पुढे गेल्या. आज तिथला संगणक शाखेचा विद्यार्थी मशीन लर्निंगचा प्रकल्प हाती घेतो, तेव्हा बहुतेक वेळा 'सायकिट-लर्न' हे मोफत सॉफ्टवेअर वापरतो आणि अहवालाच्या शेवटी त्याच्याविषयीच्या लेखाचा संदर्भ देतो. तो लेख 2011 साली 'जर्नल ऑफ मशीन लर्निंग रिसर्च' या नियतकालिकात आला. विद्यार्थी तो घरबसल्या, मोबाइलवरही वाचू शकतो. या नियतकालिकाला वर्गणी नाही. लेख छापून यावा म्हणून लेखकालाही पैसे मोजावे लागत नाहीत. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या संशोधनातले हे जगातल्या अग्रगण्य नियतकालिकांपैकी एक, आणि तरी ते फुकट आहे. त्यामागे एक भांडण आहे. ते भांडण या गावांच्या नगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्याने समजून घ्यावे, कारण त्याच जातीचे भांडण या जिल्ह्याने उसाच्या बाबतीत पन्नास वर्षे आधी लढले होते.

1986 साली 'मशीन लर्निंग' नावाचे नियतकालिक सुरू झाले. क्लूवर ही डच प्रकाशनसंस्था ते काढत असे. त्या वेळी हा विषय लहान होता, माणसे मोजकी होती, आणि आपल्या कामाला हक्काची जागा मिळाली याचाच सर्वांना आनंद होता. व्यवस्था सगळीकडे असते तशीच होती. लेख संशोधक लिहिणार, तो तपासणार दुसरे संशोधक, तेही विनामोबदला, आणि संपादनही संशोधकच करणार. मग लेखाचा स्वामित्वहक्क प्रकाशकाच्या नावे होणार आणि तोच मजकूर त्याच संशोधकांच्या विद्यापीठांना वर्गणी लावून विकला जाणार. कागदावर छापून टपालाने अंक पाठवायचा होता तोवर प्रकाशकाच्या या वाट्याला काही अर्थ होता. इंटरनेट आल्यावर तो अर्थ पातळ झाला. 1993 साली 'जर्नल ऑफ आर्टिफिशियल इंटेलिजन्स रिसर्च' सुरू झाले ते थेट इंटरनेटवर, सर्वांना मोफत. असे नियतकालिक चालते आणि प्रतिष्ठितही होते, हे त्यातून दिसले.

2000 साली एमआयटीमधल्या लेस्ली पॅक केल्ब्लिंग यांनी 'जर्नल ऑफ मशीन लर्निंग रिसर्च' काढले. पुढच्याच वर्षी, ऑक्टोबर 2001 मध्ये, जुन्या 'मशीन लर्निंग'च्या संपादक मंडळातल्या चाळीस जणांनी एकत्र राजीनामा दिला आणि तो जाहीर पत्राने दिला. पत्र लिहिण्यात पुढाकार होता बर्कलीच्या मायकेल जॉर्डन यांचा. इंटरनेटने ज्ञान सर्वांपर्यंत पोचवणे शक्य केले असताना आपले श्रम वाचकांची वाट अडवणाऱ्या व्यवस्थेला का द्यायचे, असा त्या पत्राचा आशय होता. जुने नियतकालिक बंद पडले नाही, ते आजही निघते. पण क्षेत्राचा कल नव्याकडे वळला. विषयातले किती तरी पायाभूत लेख पुढे तिथे आले. मजकुरांच्या ढिगातून विषय शोधून काढण्याची डेव्हिड ब्ले, अँड्र्यू एनजी आणि जॉर्डन यांची 2003 सालची पद्धत तिथली, न्यूरल नेटवर्कला आंधळ्या पाठांतरापासून वाचवणारी 2014 सालची 'ड्रॉपआउट'ही तिथली.

खर्चाचा प्रश्न इथे निघतोच. हार्वर्डचे संगणकशास्त्रज्ञ स्टुअर्ट शीबर यांनी 2012 साली या नियतकालिकाचा हिशेब मांडला, तेव्हा एका लेखामागे येणारा खर्च दहा डॉलरच्याही आत निघाला. मोठे काम, म्हणजे लेखन, परीक्षण आणि संपादन, संशोधक आधीही फुकटच करत होते. त्याच्याशेजारी दुसरा आकडा ठेवावा. 'नेचर' समूहाने 2020 च्या अखेरीस आपल्या संशोधन नियतकालिकांमध्ये लेख सर्वांसाठी खुला ठेवण्याचे शुल्क जाहीर केले, ते होते 9,500 युरो. त्या वेळच्या भावाने आठ लाख रुपयांहून जास्त. याच समूहाचे 'नेचर मशीन इंटेलिजन्स' निघणार अशी घोषणा झाली, तेव्हा 2018 मध्ये संगणकशास्त्रज्ञ टॉम डिट्रिश यांच्या पुढाकाराने तीन हजारांहून अधिक संशोधकांनी लिहून दिले की आम्ही त्यात लिहिणार नाही, परीक्षण करणार नाही, संपादनही करणार नाही. ते नियतकालिक जानेवारी 2019 मध्ये निघाले, चालले आणि नावारूपालाही आले. या लढाईत एकदा जिंकले की संपले असे नसते.

आता प्रवरेकाठी येऊ. गोदावरी आणि प्रवरेचे कालवे झाले, 1926 साली भंडारदऱ्याचे धरण पुरे झाले, आणि नगरच्या उत्तर भागात ऊस आला. पाण्यामागोमाग खासगी कारखाने आले. हरेगाव, टिळकनगर, साकरवाडी ही नावे जिल्ह्यातल्या जुन्या माणसांना वेगळी सांगावी लागत नाहीत. कारखान्यांना हजारो एकर जमीन हवी होती आणि ती खंडाने घेतली गेली. जमिनीचा मूळ मालक खंडकरी म्हणून कागदावर उरला आणि पुष्कळदा त्याच रानात मजूर म्हणून राबला. 1961 च्या कमाल जमीन धारणा कायद्यानंतर या जमिनी शेती महामंडळाकडे गेल्या, पण खंडकऱ्यांच्या हाती त्या यायला जवळपास अर्धे शतक जावे लागले. एकदा सही करून दिलेला हक्क परत मिळवणे किती जड जाते, याचा यापेक्षा चांगला धडा मला माहीत नाही. स्वामित्वहक्काच्या कागदावर सही करून देणारा संशोधक वेगळे काय करतो? जमीन त्याची, मेहनत त्याची, आणि पीक बघायला मात्र पैसे भरून आत जायचे.

लोणीच्या विठ्ठलराव विखे पाटलांनी याला काढलेले उत्तर महाराष्ट्राला पाठ आहे. ऊस पिकवणारा तोच कारखान्याचा सभासद आणि तोच मालक. 1950 साली प्रवरानगरचा कारखाना सुरू झाला. त्या गोष्टीतला एक भाग मात्र कमी सांगितला जातो. कारखान्याचे पहिले अध्यक्ष धनंजयराव गाडगीळ होते, आणि ते पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे संचालक होते. एक प्राध्यापक पुण्याहून येऊन बसतो काय आणि शेतकऱ्यांबरोबर भागभांडवलाचे हिशेब करतो काय, याचे तेव्हा अनेकांना नवल वाटले असेल. गाडगिळांना त्यात विसंगती दिसली नाही. ते गोखले संस्थेचे संचालक असतानाच, 1959 साली, संस्थेने 'अर्थविज्ञान' हे स्वतःचे संशोधन नियतकालिक सुरू केले. उत्पादकाच्या हाती कारखाना असावा आणि अभ्यासकांच्या हाती नियतकालिक असावे, ही एकाच माणसाच्या कारकिर्दीत शेजारी शेजारी घडलेली दोन कामे आहेत. सहकाराचा इतिहास लिहिणाऱ्यांनी पहिल्याची दखल भरपूर घेतली. दुसऱ्याकडे फारसे कोणी पाहिले नाही.

कृत्रिम बुद्धिमत्तेच्या क्षेत्रातही महाराष्ट्राने असे पाऊल टाकले होते. 1982 साली जपानने पाचव्या पिढीच्या संगणकांचा प्रकल्प सुरू केला आणि जगभरच्या सरकारांची धावपळ झाली. भारत सरकारने संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या मदतीने ज्ञानाधारित संगणकप्रणालींचा राष्ट्रीय प्रकल्प आखला. त्यातले एक केंद्र होते मुंबईत जुहूला, नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी, म्हणजे एनसीएसटी. टाटा मूलभूत संशोधन संस्थेतून 1985 साली वेगळ्या झालेल्या या संस्थेचे संचालक होते एस. रमणी. 1989 च्या डिसेंबरमध्ये या विषयावरची आंतरराष्ट्रीय परिषद मुंबईत भरली, आणि त्याच काळात एनसीएसटीने कृत्रिम बुद्धिमत्तेला वाहिलेले एक त्रैमासिक चालवले. त्याचे नाव 'विवेक'. तज्ज्ञप्रणाली, भारतीय भाषांचे संगणकीय व्याकरण, यंत्रानुवाद असे विषय हाताळणारे त्रैमासिक जुहूच्या एका इमारतीतून निघत होते, आणि ते निघत होते तेव्हा 'जर्नल ऑफ मशीन लर्निंग रिसर्च'चा जन्मही झालेला नव्हता.

2003 साली एनसीएसटी सी-डॅकमध्ये विलीन झाली. आजच्या विद्यार्थ्याला 'विवेक' हे नाव भेटते ते जुन्या लेखांच्या संदर्भसूचीत. हे मला लागते. संगणकशास्त्रात परदेशी परिषदांना मान मोठा, तिथे लेख लागला तर नोकरी, बढती, शिष्यवृत्ती, सगळेच सोपे होते. चांगला लेख हाती असलेला तरुण संशोधक तो मुंबईच्या त्रैमासिकाला का देईल? आणि चांगले लेख येईनासे झाले की त्रैमासिकाचा मान कसा टिकेल? या चक्रातून बाहेर पडायचे तर 2001 च्या चाळीस जणांनी केले तसे काही करावे लागते. ज्यांचा मान आधीच सिद्ध झाला आहे अशांनी आपले उत्तम लेख ठरवून तिथे द्यावे लागतात. आपल्याकडे ते मोठ्या संख्येने कधी झाले नाही.

नियतकालिक काढण्याची हिंमत नगरला नवी नाही. मराठीतले 'दर्पण' 1832 चे, बाळशास्त्री जांभेकरांचे ज्ञानविषयक मासिक 'दिग्दर्शन' 1840 चे, दोन्ही मुंबईची. त्यानंतर दोनच वर्षांनी, जून 1842 मध्ये, 'ज्ञानोदय' निघाले ते अहमदनगरहून. अमेरिकन मराठी मिशनचे हेन्री बॅलंटाइन त्याचे पहिले संपादक. धर्मप्रसार हा हेतू उघड होता, पण त्याच्या बरोबरीने ग्रहताऱ्यांची, प्राण्यांची आणि देशोदेशीची माहिती मराठीत येत होती. वाचकांची पत्रे, आक्षेप आणि उत्तरे छापली जात होती. काही वर्षांनी ते मुंबईला गेले. 1855 साली, फेब्रुवारी आणि मार्चच्या अंकांत, 'ज्ञानोदय'ने मुक्ता साळवे हिचा निबंध छापला. जोतिराव आणि सावित्रीबाई फुल्यांच्या पुण्यातल्या शाळेत शिकणारी ही मातंग समाजाची मुलगी. तिने मांग-महारांच्या दुःखाविषयी लिहिले आणि धर्मावर, पेशवाईवर थेट प्रश्न उभे केले. त्या काळात दुसऱ्या कोणत्या नियतकालिकाने तो छापला असता असे मला वाटत नाही.

यात दुसरीही बाजू आहे आणि ती झाकून चालणार नाही. हिंदू धर्मातल्या अन्यायावर बोट ठेवणारा निबंध मिशनच्या धोरणात बसत होता. तोच हात मिशनवर उगारला असता तर दार तितकेच उघडे राहिले असते का, हे विचारायला हवे. मालक जो असतो त्याचे कुंपण असतेच. कुणाचे कुंपण पैशाचे, कुणाचे मताचे. संशोधकांच्या मालकीच्या नियतकालिकालाही हा धोका आहे, त्यांचेही कंपू होतात. सहकारात सभासदांचा कारखाना पुढे मूठभर घराण्यांच्या हाती कसा गेला, हे जिल्ह्याने जवळून पाहिले आहे. म्हणून मालकी कोणाची एवढे ठरवून भागत नाही. संपादक किती वर्षांनी बदलणार, लेख नाकारल्याची कारणे लेखकाला लेखी मिळणार की नाही, आपल्याच संस्थेचा लेख परीक्षणाला कोणाकडे जाणार, हेही पहिल्या दिवशीच लिहून ठेवावे लागते.

पाठ शुद्ध राखण्याची काळजी तर या मातीत त्याहून जुनी. प्रवरेच्या काठी नेवाशाला ज्ञानदेवांनी शके 1212 मध्ये, म्हणजे 1290 साली, गीतेवरची टीका सांगितली आणि सच्चिदानंदबाबांनी ती लिहून घेतली. स्थळ, काळ आणि लेखक, तिन्हींची नोंद ग्रंथाच्या शेवटीच आहे. पुढे तीनशे वर्षे नकला होत राहिल्या, ओव्या बदलल्या, शिरल्या, गळल्या. शके 1506 मध्ये पैठणला एकनाथांनी प्रती ताडून पाहिल्या, पाठ शुद्ध केला, आणि यापुढे कोणी यात आपली ओवी घालू नये असे कडक शब्दांत बजावले. 1909 साली इतिहाससंशोधक वि. का. राजवाड्यांनी एकनाथांच्या आधीची म्हणून एक प्रत छापली तेव्हा तिच्या जुनेपणाबद्दल विद्वानांनी शंका घेतल्या आणि वाद रंगला. मूळ काय होते, कोणी काय बदलले, आणि तुमचे म्हणणे मला तपासून पाहता येईल का, या तीन प्रश्नांवर मराठी विद्वत्ता सातशे वर्षे पोसली आहे. आजच्या मशीन लर्निंगमधल्या लेखाला विचारायचे प्रश्न नेमके हेच आहेत. विदा कुठून आणली, ती कशी गाळली, प्रोग्राम कुठे ठेवला आहे, आणि दुसऱ्याने चालवला तर तेच उत्तर येते का. 'सायकिट-लर्न'चा लेख ज्या सदरात आला ते सदर खुल्या सॉफ्टवेअरसाठीच होते.

आणि याच मातीत गेल्या पंधरा वर्षांत काय घडले, ते लिहिताना वाईट वाटते. 2010 च्या नियमावलीत विद्यापीठ अनुदान आयोगाने प्राध्यापकांच्या निवडीला आणि बढतीला गुणांक लावले. लेख छापला की गुण. पीएच.डी. करणाऱ्यांवरही प्रबंधाआधी लेख छापण्याची सक्ती आली. आठवड्याला अठरा-वीस तास शिकवणाऱ्या, प्रयोगशाळेत धड उपकरण नसलेल्या, ग्रामीण महाविद्यालयातल्या शिक्षकाने संशोधन कधी करायचे, हा प्रश्न कोणी विचारला नाही. मग बाजाराने उत्तर दिले. काही हजार रुपये भरा, चार दिवसांत लेख 'आंतरराष्ट्रीय' नियतकालिकात. त्यातही संगणक आणि कृत्रिम बुद्धिमत्ता या नावांची चलती मोठी. आयोगाने मान्य नियतकालिकांची यादी केली, तर त्या यादीतच ही दुकाने शिरली. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातल्या भूषण पटवर्धन यांच्या गटाने विद्यापीठांच्या शिफारशीने यादीत आलेल्या एक हजार नऊ नियतकालिकांची तपासणी केली आणि 2018 च्या 'करंट सायन्स'मध्ये निष्कर्ष मांडला. त्यांतली अठ्ठ्याऐंशी टक्क्यांहून अधिक निकृष्ट असू शकतात. मे 2018 मध्ये आयोगाने यादीतून 4,305 नावे काढली. त्यानंतर पुणे विद्यापीठाच्याच मदतीने 'केअर' नावाची नवी यादी झाली, 2022 मध्ये पीएच.डी.साठीची लेखाची सक्ती उठली, आणि 2025 च्या फेब्रुवारीत 'केअर' यादीही बंद झाली. आता संस्थांनी आपापले निकष ठरवावेत असे सांगण्यात आले आहे.

नगर जिल्ह्यातली महाविद्यालये पुणे विद्यापीठाला जोडलेली. म्हणजे रोग मोजणारे आणि रोग भोगणारे एकाच छताखाली होते. शिक्षकाला दोष देणे सोपे आहे. मी देणार नाही. ज्याच्या पगारवाढीला लेखांची संख्या बांधली, त्याच्याकडून लेखांचा दर्जा येणार नव्हता. एकीकडे आठ लाखांचे दार आणि दुसरीकडे काही हजारांचे बनावट दार, यांच्या मध्ये प्रामाणिक शिक्षकाला उभे राहायला जागाच ठेवली नाही.

केंद्र सरकारने नोव्हेंबर 2024 मध्ये 'एक राष्ट्र, एक वर्गणी' योजना मंजूर केली. तीन वर्षांसाठी सहा हजार कोटी रुपये, तीस प्रकाशकांची सुमारे तेरा हजार नियतकालिके, सहा हजारांवर सरकारी संस्था. सरकारी विद्यापीठातल्या विद्यार्थ्याला यामुळे वाचायला मिळेल, आणि तेवढ्यापुरते मी तिचे स्वागत करतो. पण हा पैसा खंडासारखा आहे. तीन वर्षांनी पुन्हा द्यावा लागेल, आणि मालकी तीळभरही आपल्याकडे येणार नाही. त्यातला शंभरावा भाग, साठ कोटी, भारतीय संशोधकांच्या मालकीच्या खुल्या नियतकालिकांवर खर्च केला तर काय उभे राहील याचा हिशेब शीबर यांच्या दहा डॉलरांवरून कोणालाही करता येईल.

हे घाईचे का आहे? राज्याने 2025 मध्ये शेतीसाठीचे कृत्रिम बुद्धिमत्ता धोरण मंजूर केले, पहिल्या टप्प्यात पाचशे कोटी रुपयांचे. शेजारच्या बारामतीत उसावर प्रयोग झाले आणि त्यांचे आकडे भाषणांतून गावोगाव पोचले. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने 'फुले जल', 'फुले इरिगेशन शेड्युलर' अशी साधने केली, हवामान-अनुकूल शेतीसाठी ड्रोन आणि सेन्सरवर केंद्र चालवले. पिकाला पाणी केव्हा द्यायचे हे यंत्र सांगू लागले आहे. ज्या शेतकऱ्याने ते ऐकायचे, त्याला हे विचारण्याचा अधिकार आहे की हे अंदाज कोणत्या जमिनीवर तपासले, अकोले तालुक्यातल्या डोंगरउतारावर आणि पाथर्डी-जामखेडच्या कोरडवाहू रानात ते चुकतात का, आणि चुकले तेव्हा किती. उत्पादन इतके टक्के वाढले, हे वाक्य जाहिरातीत येते तेव्हा त्याला उलटतपासणी नसते. संशोधन नियतकालिकात येते तेव्हा दोन अनोळखी परीक्षक विचारतात, तुलना कशाशी केली.

म्हणून राहुरीचे विद्यापीठ आणि लोणी, संगमनेर, कोपरगावची महाविद्यालये यांनी मिळून शेती आणि मराठी भाषा या दोन विषयांपुरते कृत्रिम बुद्धिमत्तेचे एक नियतकालिक काढावे, असे मी आग्रहाने म्हणतो. वर्षाला वीस लेख आले तरी पुष्कळ. लेखकाकडून पैसे नकोत, वाचकाकडून नकोत, हक्क लेखकाचा राहावा. परीक्षक जिल्ह्याबाहेरचे असावेत, देशाबाहेरचेही. संगणकीय भाषाशास्त्रातल्या संशोधकांच्या संघटनेने आपले 'कॉम्प्युटेशनल लिंग्विस्टिक्स' 2009 पासून सर्वांना खुले केले, त्यामुळे त्यातले काम आज कोणालाही मोफत वाचता येते. त्या माणसांना परीक्षणासाठी पत्र घातले तर ती नाही म्हणणार नाहीत. फसलेल्या प्रयोगांसाठी राखीव पाने असावीत, कारण एका तालुक्यात न चाललेले प्रारूप पुढच्या तालुक्यात पुन्हा विकले जाऊ नये. प्रत्येक लेखाला दोन पानांचा मराठी सारांश हवा, संशोधकानेच लिहिलेला, आणि तो विद्यापीठाच्या 'श्री सुगी'त छापला जावा. शेतकऱ्याने त्यावर घेतलेला आक्षेप पुढच्या अंकात, लेखकाच्या उत्तरासह, यावा. 1842 साली ते जमत होते.

पैसा फार लागणार नाही. एक पूर्णवेळ सहसंपादक, एक सर्व्हर आणि परीक्षणाचे काम बढतीच्या वेळी मोजले जाईल असा संस्थांचा ठराव, एवढे पुरे आहे. नियतकालिकांचे निकष ठरवण्याचे स्वातंत्र्य 2025 पासून संस्थांकडे आले आहे, तेव्हा असा ठराव आणायला ही वेळ योग्य आहे. तो येत्या शैक्षणिक वर्षाच्या आधी, चारही संस्थांच्या विद्वत्परिषदांच्या बैठकांत मांडता येईल.